बुडालं तर?

दोन वर्षांपूर्वी आमच्या खांडबाऱ्यात नवीन धंदा करू पाहणाऱ्यांची एक स्पर्धा झाली. आजूबाजूच्या गावांतली पोरं, बचत गटाच्या बाया. एकेकानं पाच मिनिटांत आपला धंदा समजावून सांगायचा, परीक्षकांनी मार्क द्यायचे, पहिल्या तिघांना बक्षीस आणि पुढे वर्षभर मार्गदर्शन. परीक्षक तिघं. एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब, एक कॉलेजचे प्राध्यापक, आणि तिसरा मी. माझं शिक्षण दहावी. म्हटलं, मला कशाला? बोलवायला आलेला म्हणाला, "काका, शेतीतलं तुमच्याइतकं कोणाला कळतं?" माणूस स्तुतीला भुलतो. मीही भुललो आणि गेलो.

हातात एक कागद दिला. कल्पना, बाजार, हिशोब, मांडणी आणि वाढीची शक्यता असे पाच रकाने, प्रत्येकाला वीस मार्क.

चौथ्या नंबरला बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा उठला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं खडखडीत. त्याला कुक्कुटपालन करायचं होतं. तीन हजार पक्ष्यांचं शेड, सात लाखांचं कर्ज, बापाची सही. पिल्लू कितीला, खाद्य किती, चाळीस दिवसांत वजन किती, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, "बुडालं तर?"

"बुडणार नाही, सर."

ते ऐकलं आणि माझ्या हातातला पेन थांबला. हेच शब्द मी आधी ऐकले होते. ऐकले कसले, मीच शिकवले होते.

२००५ च्या दिवाळीत माझ्या बहिणीचा मुलगा माझ्याकडे आला होता. "मामा, कोंबड्यांचं शेड टाकू का?" नवापूरकडे तेव्हा या धंद्याची भरभराट होती. मी म्हटलं, "टाक. भिऊ नको. बुडत नाही." माझं काय गेलं? चहाचा एक कप. त्यानं कर्ज काढलं, खाद्य उधारीवर आणलं. आणि २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशात पहिल्यांदा. आमच्या तालुक्याचं नाव टीव्हीवर दिवसरात्र.

नवापूरच्या बाजूला पक्षी मारून पुरले, त्यांना सरकारी भरपाई होती. आमचं खांडबारा तिथून लांब. भाच्याच्या पक्ष्यांना काही झालं नव्हतं. म्हणून ते मारले नाहीत, आणि मारले नाहीत म्हणून भरपाई नाही. पण कोंबडी घेणार कोण? फुकट द्यायला गेलं तरी लोक हात मागे घेत. विकायला आलेला पक्षी एक दिवस जास्त ठेवला, तर तेवढं खाद्य नुसतं त्याच्या पोटात जातं. तीन आठवड्यांत पोरगं नागवलं. पुढे सुरतला कामाला गेला, तो तिकडचाच झाला. मला त्यानं कधी एक शब्द ऐकवला नाही. एकदाच म्हणाला, "मामा, तुम्ही तरी काय करणार होता?" शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तर असा मी, त्या पोराला मार्क द्यायला बसलेलो.

त्याच्यानंतर एका बचत गटाची बाई उठली. पाच जणींना मिळून तूरडाळ करून विकायची होती. एक छोटी चक्की हवी, एवढंच मागणं. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा फायदा कसा घेणार, असं प्राध्यापकांनी विचारलं. ती म्हणाली, "सर, डाळ तीच आहे." पाच वर्षांत धंदा किती वाढेल? "हाताला काम सोसेल तेवढा." मी माझा प्रश्न विचारला, बुडालं तर? बाई हसली. "तूर घरी खाऊ, दादा."

साहेबांनी तिला वाढीच्या रकान्यात वीसपैकी सहा दिले. कागदाच्या हिशोबानं ते चुकले नाहीत. पण "तूर घरी खाऊ" याला मार्क द्यायला कागदावर रकानाच नव्हता.

मग मी काय करावं? पोराला पाडावं? हात शिवशिवत होता. पण मनात आलं, ही भीती कोणाची? माझी. माझ्या भाच्याचं जे झालं, त्याचा दंड या पोरानं का भरावा? २०२१ मध्ये नवापूरला परत बर्ड फ्लू आला, लाखो पक्षी गेले, हे खरं. पण तरी तिथे लोक धंदा करतातच ना. भिऊन कोणी पेरलंच नाही, तर गाव खाणार काय? 'कर' म्हणून मोकळं होणं जितकं फुकटचं, तितकंच 'नको' म्हणणंही फुकटचं. दोन्हीत आपल्या खिशातलं काही जात नाही.

ज्या २००६ साली आमचं बुडालं, त्याच साली बांगलादेशच्या मुहम्मद युनूस यांना आणि त्यांच्या ग्रामीण बँकेला शांततेचं नोबेल मिळालं. त्यांच्या बँकेतही पाच-पाच बायांचे गट. कर्ज देऊन बँकेचा माणूस गायब होत नाही, दर आठवड्याला गावात येऊन त्यांच्या बैठकीत बसतो. मला त्यातलं हे येऊन बसणं महत्त्वाचं वाटतं. मी भाच्याला 'टाक' म्हटलं, पण त्या तीन महिन्यांत त्याच्या शेडवर किती वेळा गेलो? दोनदा. बर्ड फ्लू मी आणला नव्हता. पण सगळे पक्षी एकदम न भरता टप्प्याटप्प्यानं भर, उधारी कमी ठेव, हे सांगायला मी तिथं नव्हतो. माझा गुन्हा काही असेल तर तो हा.

पोराला मी त्याच्या तयारीचे मार्क दिले, हात आखडला नाही. तो पहिला आला. बाईला हिशोबात वीसपैकी वीस दिले, तरी ती चौथी आली.

कार्यक्रम संपल्यावर पोराला बाजूला घेतलं. म्हटलं, "आधी पाचशे पक्षी. बापाची सही सहा महिन्यांनी. आणि दर महिन्याला हिशोबाची वही घेऊन माझ्याकडे यायचं." त्याचं तोंड उतरलं. बक्षीस घेतलेल्या पोराला हे ऐकायला नको होतं. पण "बरं" म्हणाला.

दोन महिने आला. तिसऱ्या महिन्यात आला नाही. बायको म्हणाली, "त्याला गरज नाही, तर तुम्हाला काय पडलंय?" मी सायकल काढली आणि त्याच्या शेडवर गेलो. वाटेत त्या बाईच्या घरावरून गेलो. अंगणात तूर वाळत होती. आमच्या कागदावर ती बसली नाही, पण अर्धा किलो डाळ घेतली आणि पुढे निघालो.