कासव आणि बंद पडलेला अल्टरनेटर

आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ५८व्या श्लोकावर. तोच, कासवाचा. अंग आत ओढून घेणाऱ्या कासवासारखी ज्याने इंद्रियं आवरली, त्याची बुद्धी स्थिर.

खरं सांगू? हा श्लोक मला कायम पळपुटा वाटायचा. संकट आलं की अंग चोरून बसायचं?

परवा मावसभाऊ भंडाऱ्याला घरी आला. तो बिरसीला विमान चालवायला शिकतोय. (गोंदियाजवळचं बिरसी; १९९९ मध्ये जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आपल्या भंडाऱ्यातच होतं.) मी सहज विचारलं, "वर असताना लाईन गेली तर रे?"

तो म्हणाला, "ताई, छोट्या विमानात अल्टरनेटर बंद पडला तर धक्का नाही, आवाज नाही. फक्त अ‍ॅमीटरचा काटा उणेकडे झुकतो. एकदा रीसेट करून बघायचं. नाहीच आला, तर लोडशेडिंग! दुसरा रेडिओ, जादाचे दिवे, नडत नाही ते सगळं बंद. बॅटरी साधारण अर्धा तास, जुनी असेल तर तेवढीही नाही. तिच्यात जीव आहे तोवर टॉवरला कळवायचं नि जवळची धावपट्टी गाठायची."

"आणि बॅटरीच संपली तर?"

"रेडिओ जाईल. टॉवर हिरवा दिवा दाखवून उतर म्हणतो. पण इंजिन चालूच राहतं. बहुतेक पिस्टन इंजिनांत मॅग्नेटो असतात, ते आपली ठिणगी आपणच पाडतात."

मी गप्पच झाले.

बाबांच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले. ऑफिस, चार ग्रुप, रात्री दोनपर्यंत रिपोर्ट गुगल करणं, आपला रोजचा सत्संग लाइव्ह, सगळं मी चालू ठेवलं होतं. अभिमानाने! मंगळवारी बाबांनी दुसऱ्यांदा पाणी मागितलं आणि मी त्यांच्यावर ओरडले. ते "राहू दे" म्हणाले. काटा कधीचा उणेकडे होता, मी बघितलाच नव्हता.

आणि कासव कुठे पळतं? ते असतं तिथेच असतं.

काल ग्रुप म्यूट केले. लाइव्ह महिनाभर बंद. (रागावू नका, देवाच्या नावाने चालणारा लोडही लोडच.) रात्री बाबांच्या उशाशी नुसती बसले. नाम आतून चालूच होतं; त्याला ना चार्जर लागला, ना नेटवर्क. बाबांनी विचारलं, "फोन बिघडला का गं तुझा?"

हात मात्र तीनदा फोन चाचपायला गेला. विषय सुटतात, गोडी सुटत नाही, त्यासाठी ५९वा श्लोक आहे. तो उद्या.