कसा होता पिक्चर?

रमजान ईदचा दिवस आठवावा. सकाळी ईदगाहवरून परतायचं, गळाभेटी घ्यायच्या, घरोघर जाऊन शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या करायच्या, दुपारी जरा आडवं व्हायचं आणि संध्याकाळी ईदीचे पैसे खिशात घालून टोळक्यानं टॉकीज गाठायची. आमच्यापैकी कितीतरी जणांच्या लहानपणी हा क्रम ठरलेला होता. रात्री परतलो की ओसरीवर पानदान घेऊन बसलेली खाला विचारायची, "कैसा था पिक्चर?" उत्तरंही ठरलेली असायची. "मस्त." "बकवास." "टाईमपास." "पैसा वसूल." तीन तासांचा खेळ आणि शेकडो माणसांची दोन-दोन वर्षांची मेहनत एका शब्दात निकालात निघायची.

या एका शब्दाबद्दल आम्हाला इथे थोडं बोलायचं आहे. आम्ही समीक्षक नाही. समीक्षकाला उत्तरदायी धरणारा कुणीतरी असतो. संपादक असतो, वाचक असतो. पण आपल्यासारखा साधा प्रेक्षक जाता जाता जे मत देतो, त्याला कुणी जबाबदार धरत नाही. मग प्रश्न असा, की अशा मताला काही नीती असते का? की 'ज्याची त्याची आवड' म्हणून विषय मिटवावा?

'ज्याची त्याची आवड' हे वाक्य दिसायला फार उदार आहे. पण आपण स्वतःच ते पाळत नाही. "मला बिर्याणी आवडत नाही" असं कुणी म्हटलं तर आपण त्याच्यापुढे दुसरं काही वाढतो, वाद घालत नाही. पण "तुमची बिर्याणी बिघडली आहे" असं म्हटलं की घरची मंडळी डेगचीकडे धावतात. पहिलं वाक्य बोलणाऱ्याच्या जिभेबद्दल आहे, दुसरं डेगचीबद्दल. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानं 1790 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच फरक मांडला. सुखद वाटणं हे ज्याचं त्याच्यापुरतं असतं. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असं म्हणताना आपण इतरांनीही ते मान्य करावं अशी अपेक्षा धरतो. म्हणजे "मला कंटाळा आला" आणि "पिक्चर बकवास आहे" ही दोन वेगळी विधानं झाली. पहिल्याला पुरावा लागत नाही, दुसऱ्याला लागतो. आपण मात्र पहिलं अनुभवतो आणि दुसरं बोलून टाकतो.

यानं काय बिघडतं, हे हिंदी सिनेमाच्या इतिहासातच दिसतं. गुरुदत्त यांचा 'कागज़ के फूल' 1959 साली आला. सिनेमास्कोपमध्ये बनलेला हा देशातला पहिला चित्रपट. प्रेक्षकांनी तो नाकारला आणि त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून आपलं नाव पुन्हा लावलं नाही. राज कपूर यांचा 'मेरा नाम जोकर' 1970 साली आला. चार तासांहून लांब, दोन मध्यंतरं असलेला. तोही पडला. आज हे दोन्ही चित्रपट लोक आदरानं पाहतात. उलट 'शोले' 15 ऑगस्ट 1975 ला लागला तेव्हा पहिल्या काही दिवसांत तो कोसळल्याचीच बोलवा होती. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये तो पाच वर्षं चालला.

यातून 'प्रेक्षकाला कळत नाही' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. आम्ही तो काढणार नाही. 1959 सालचा प्रेक्षक खोटं बोलत नव्हता. त्याला कंटाळा आला होता आणि ते त्यानं सांगितलं. 'शोले'ला पाच वर्षं चालवणाराही प्रेक्षकच होता. चूक झाली ती इतकीच, की 'आज, या खुर्चीत, मला असं वाटलं' याऐवजी 'हे असंच आहे' असं सांगितलं गेलं. साक्ष द्यायची ती निवाडा देऊन मोकळा झाला.

साक्ष हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. गवाहीचं महत्त्व आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. जो हजर होता त्यानं, जेवढं पाहिलं तेवढं, कमी-जास्त न करता सांगावं. या साध्या कसोटीला लावलं तर आपली किती मतं टिकतील? 2013 साली 'विश्वरूपम' या तमिळ चित्रपटाला मुस्लिम संघटनांनी विरोध केला आणि तमिळनाडू सरकारनं तिथलं प्रदर्शन रोखलं. काही पुढाऱ्यांना तो आधी दाखवला होता. पण ज्यांनी मोर्चाच्या गप्पा मारल्या, ज्यांनी चहाच्या टपरीवर त्याचा निकाल लावला, त्यांनी तो पाहिला होता का? पुढे 2018 साली 'पद्मावत' लागण्याआधीच त्यावर रणं पेटली, नाव बदलावं लागलं. तेव्हा "न पाहताच कसली ओरड?" असं आपण म्हणालो. बरोबरच म्हणालो. पण पाच वर्षांपूर्वीही हेच म्हणायला हवं होतं. नियम दुसऱ्याला लावताना तो आधी आपल्या दारावर ठोठावून पाहावा लागतो.

आता आपल्या खास प्रश्नाकडे येऊ. थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या मुस्लिम प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न इतरांपेक्षा जास्त असतो: आपला माणूस कसा दाखवलाय? 'चौदहवीं का चांद' 1960 साली आला, 'मेरे महबूब' 1963 साली. लखनवी अदब, शेरवान्या, चिलमनीआडचे डोळे. मालेगावचा यंत्रमागवाला, मिरजेचा तंतुवाद्यं करणारा, सोलापूरचा विणकर, कोकणातला दर्यावर्दी यांच्या घरात असलं काही नव्हतं. तरी त्यांनी ते चित्रपट आपले म्हणून पाहिले. मग 1973 च्या 'जंजीर'मध्ये दोस्तीसाठी जीव टाकणारा शेरखान पठाण आला. 'शोले'मध्ये जवान मुलगा गमावूनही गावाला झुकू नका सांगणारे आंधळे इमामसाहेब आले. आणि नव्वदच्या दशकापासून बंदूकवाले येऊ लागले. 1999 च्या 'सरफरोश'मध्ये तर एकाच कथेत प्रामाणिक इन्स्पेक्टर सलीम आहे आणि कटाचा सूत्रधार असलेला पाकिस्तानी गझलगायकही.

या सगळ्यात आपला निवाडा हळूहळू हिशेबाच्या वहीसारखा झाला. आपला माणूस चांगला दाखवला तर चित्रपट चांगला, वाईट दाखवला तर वाईट. 'हा प्रश्नच विचारू नका, कला वेगळी' असं आम्ही म्हणणार नाही. ज्याला नाव सांगितल्यावर भाड्याची खोली नाकारली गेली आहे, त्याला पडद्यावरच्या चेहऱ्याची काळजी वाटणं हा हळवेपणा नाही. तो व्यवहार आहे. प्रश्न रास्त आहे. पण प्रश्न म्हणजे निकाल नव्हे. एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' या वहीत कुठे मांडाल? सेन्सॉरमध्ये काही महिने अडकलेला हा चित्रपट. त्यातले आग्र्याचे जोडे बनवणारे सलीम मिर्झा फाळणीनंतरही देश न सोडण्याचा हट्ट धरतात. पण त्याच घरात पळून जाणारे आहेत, स्वार्थी आहेत, मुलीला दिलेला शब्द मोडणारे आहेत. सगळेच चांगले दाखवले असते तर तो चित्रपट आपल्याला इतका आपला वाटला असता का? आणि 2016 च्या 'सैराट'मधला सल्या? तो परश्याचा दोस्त आहे, बस्स. दोस्तासाठी धावतो, मार खातो, हसतो. त्याला कुणी निष्ठेची शपथ घ्यायला लावत नाही, कुणी त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लावत नाही. किती जणांनी घरी येऊन सल्याबद्दल बोललं? आपण चांगला-वाईट मोजत बसलो आणि साधा माणूस मोजायचा राहून गेला.

पण या हिशेबाचा खरा दोष याहून मोठा आहे, आणि तो आम्हाला फार उशिरा कळला.

आमच्या मोहल्ल्यात एक मुलगा होता. तोतरा. ईदच्या टोळक्यात तो नेहमी असायचा. एका वर्षी जो पिक्चर पाहिला त्यात एक तोतरं पात्र होतं, निव्वळ हसवण्यासाठी घातलेलं. ते बोलायला लागलं की थिएटर हसायचं. आम्ही हसलो. पोट धरून हसलो. तो आमच्या शेजारच्या खुर्चीत होता. घरी आल्यावर खालानं नेहमीसारखं विचारलं. आम्ही ओरडलो, "मस्त!" मग तिनं त्याला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "अच्छा था." एवढं बोलायलाही त्याला वेळ लागला आणि त्यावरही कुणीतरी हसलं.

पुढे कैक वर्षांनी आम्ही नोकरीला होतो. एक चित्रपट गाजत होता, ज्यात बॉम्ब ठेवणारे, ठेवायला लावणारे, त्यांना लपवणारे सगळे आमच्या नावांचे होते. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले आणि एका सहकाऱ्यानं सहज, कुठलाही आकस न ठेवता विचारलं, "पाहिलात का? कसा वाटला?" सगळे आमच्याकडे पाहू लागले. आम्ही डब्यात बघत म्हणालो, "चांगला होता."

त्या रात्री त्या मुलाची आठवण आली. अच्छा था. चांगला होता. शब्द तेच, मान तशीच खाली. आमच्यावर काय गुजरलं ते सहकाऱ्यांना कळलं नाही, याचं आम्हाला दुःख होतं. पण त्याच्यावर काय गुजरलं ते आम्हाला तरी कुठे कळलं होतं? आम्ही तर त्याच्याच शेजारी बसलो होतो.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं 1757 साली रसिकतेवर एक निबंध लिहिला. त्यात त्यानं 'डॉन किहोटे' या कादंबरीतली एक गोष्ट सांगितली आहे. दोन पारख्यांना पिंपातली दारू चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची लागते. लोक दोघांना हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली निघाली. पदार्थ आपल्या धर्माला चालणारा नसला तरी दाखला चोख आहे. ह्यूमला त्यातून जिभेची नजाकत सांगायची होती. आम्हाला त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. काही जिभा नाजूक असतात त्या अभ्यासानं, आणि काही होतात त्या जखमेनं. तोतऱ्या मुलाला त्या विनोदात लोखंड लागलं. आम्हाला पुढे दुसऱ्या चित्रपटात लागलं. सावळ्या मुलीला, जाड्या बाईला, दलित गड्याला, मोलकरणीला पडद्यावर ते रोज लागत असेल. किल्ली पिंपात खरोखर असते. पण ज्याला चव लागली त्याला बोलण्याची सोय नसते, कारण बाकीचे "मस्त" म्हणून मोकळे झालेले असतात.

इथे कुणी म्हणेल, मग प्रत्येक जखमेचं ऐकलं तर विनोदच उरणार नाही, चित्रपटच बनणार नाहीत. हा आक्षेप पोकळ नाही. ज्याला लोखंड लागलं त्याचाही शब्द निवाडा नसतो, तीही साक्षच असते. त्या चित्रपटात दुसरं पुष्कळ चांगलं असू शकतं. दोघा पारख्यांनीसुद्धा "चांगली आहे, पण" असंच म्हटलं होतं. चित्रपट बंद पाडा असं आमचं म्हणणं नाही. ते म्हणणाऱ्यांची गर्दी सगळ्याच मोहल्ल्यांत पुरेशी आहे. आमचं म्हणणं एवढंच, की तो 'पण' बोलायला जागा ठेवावी. आपल्याला हवी आहे तशीच दुसऱ्यालाही. आपला माणूस कसा दाखवलाय हे विचारण्याचा हक्क त्यालाच शोभतो, जो शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा माणूस कसा दाखवलाय हेही विचारतो. नाहीतर ती न्यायाची मागणी उरत नाही, नुसती आपल्या वाट्याची मागणी होते.

तेव्हा साध्या प्रेक्षकाच्या मताची नीती आम्हाला दिसते ती अशी. पाहिलं असेल तरच बोलावं. "मला वाटलं" हे दोन शब्द गाळू नयेत. आणि सर्वांत आधी बोलण्याची घाई करू नये, विशेषतः जिथे आपण बहुसंख्य असू तिथे. आपण कुठल्या ना कुठल्या ओसरीवर बहुसंख्य असतोच.

तो मुलगा आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. खाला राहिली नाही. गेल्या ईदला आम्ही त्याच्याकडे शीरखुर्मा प्यायलो आणि धीर करून त्या जुन्या पिक्चरचं नाव काढलं. खरंच कसा वाटला होता, ते विचारलं. तो हसला. मग बोलू लागला. शब्द अडकत होते. आमच्या जिभेवर दोनदा त्याचा पुढचा शब्द आला, तो आम्ही गिळला.

"पिक्चर अच्छाच था," तो म्हणाला. "पर उस आदमी को किसी ने बात पूरी नहीं करने दी."

हे वाक्य पुरं व्हायला अर्धं मिनिट लागलं असेल. एवढा वेळ आम्ही आधी कधी दिला नव्हता.