पुसले, म्हणजे काय केले?

आमच्या उर्दू शाळेतला जुना संगणक भंगारात द्यायचा ठरला. आतल्या फाइली पुसायचे काम माझ्याकडे आले. मी त्या डिलीट केल्या, रिसायकल बिन रिकामी केली आणि निश्चिंत झालो. संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणारा माझा एक माजी विद्यार्थी म्हणाला, "सर, थांबा." तासाभरात त्याने सगळे परत काढून दाखवले. उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि एका आईचे फीमाफीसाठीचे पत्र. 'कुणाला कळू देऊ नका, सर,' असे ती मला म्हणाली होती.

डिलीट केल्याने अनुक्रमणिकेतली नोंद जाते, मजकूर डिस्कवर राहतो. अमेरिकेत गार्फिंकेल आणि शेलाट यांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ साली त्यांनी लिहिले की, वाचता आलेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या फक्त १२ होत्या. बाकीच्यांतले कितीतरी मालक माझ्यासारखेच निश्चिंत असतील.

न कळून झालेली चूक गुन्हा ठरते का? माझ्यापुरते मी 'हो' म्हणतो. डबा शाळेचा होता, तो विकायचा हक्क शाळेचा. पत्र त्या बाईचे होते. (आपल्या 'अमानत'चे मराठीत 'अनामत' झाले आणि ती बहुधा पैशापुरतीच उरली!)

मग त्या मुलाने अख्ख्या डिस्कवर शून्ये लिहिली. चुंबकीय डिस्कला असा एक फेरा पुरतो; एसएसडीचा भरवसा नाही, तिला तिच्यातलीच पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. काम दोन तास चालले. पत्र त्याने वाचले का, हे मी विचारले नाही. त्या बाईंना सांगायलाही अजून गेलेलो नाही.