शेवटी आलेल्याची मजुरी

मानवत तालुक्यातलं गाव. कापसाची वेचणी चालू आहे. रविवारच्या उपासनेनंतर मावशी आणि शेतकरी भाचा ओसरीवर बोलत बसलेत.

भाचा : मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी आपल्याकडं एक हंगामही टिकणार नाही, मावशी. पहाटे आलेल्याला जेवढं, तेवढंच संध्याकाळी पाचला आलेल्याला! इथं खुरपणी रोजानं, पण वेचणी किलोवर. काटा सगळ्यांना सारखा.

मावशी : तुला काटा नाही, दुसरंच काही टोचतंय.

भाचा : परवा एक बाई दुपारी आली. लेकरू तापलेलं. तिचा कापूस इतरांच्या निम्माही भरला नाही. वजनाप्रमाणं पैसे दिले. हिशेब चोख, तरी मन खातंय. पण जास्त दिले असते, तर सकाळपासून वाकलेल्या बायकांवर अन्याय नसता झाला?

मावशी : त्यांचं कापून दिलं असतंस, तर झाला असता. त्या धन्यानं कुणाचं कापलं नाही. ठरलेलं पुरतं दिलं, वरचं पदरचं घातलं. तेही शेवटच्यांना आधी, सगळ्यांदेखत.

भाचा : उद्या सगळ्याच दुपारी येतील.

मावशी : येतीलही. दुसऱ्या दिवशी मळ्यात काय झालं, हे प्रभूनं सांगितलेलं नाही.

भाचा : बरं, त्या धन्यासारखी देवाची प्रीती बिनशर्त आहे, तर रोज तिची आठवण कशाला ठेवायची? विसरलो तरी ती आहेच.

मावशी : आहेच. पण विसरलं की वाटायला लागतं, मी पहाटेपासून राबतोय म्हणून मला मिळतं. मग उशिरा आलेला डोळ्यांत खुपतो. आपल्या गंगाखेडची जनाबाई बघ. आपली वाट वेगळी, पण त्या दासीच्या अभंगांत देव तिच्यासोबत जात्यावर बसतो. किती दळलंस, असं विचारत नाही.

भाचा : म्हणजे आठवण देवासाठी नाही?

मावशी : त्याला कुठं विसर पडलाय? ज्याच्या हातात काटा, त्यानं ठेवायची.

भाचा : मग त्या बाईला पदरचं द्यायचं, तर पुढच्या वेचणीला सगळ्यांसमोरच बोलावं लागेल.

मावशी : बोल. बाकीच्या कुरकुरतील, तेही ऐकून घे. त्यांची कंबरही दुखतेच की.