दान आणि चाल

फाशांच्या पटावर बसलेले खेळाडू आपसांत जी बोली बोलतात, तिला शिष्ट माणसे क्षुद्र समजतात. परंतु कालगणनेसारख्या गंभीर विषयानेदेखील आपली परिभाषा याच बोलीतून उचलली आहे, ही गोष्ट आमच्या धर्मचर्चेत जितकी यावी तितकी आलेली नाही. कृत, त्रेता, द्वापर आणि कलि ही युगांची नावे होण्यापूर्वी द्यूतकारांच्या तोंडी असलेली दानांची नावे होती. बेहड्याची फळे मुठीने उचलावयाची, चारचार करून बाजूस काढावयाची, आणि शेष काही न उरले तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर व एकच उरले तर कलि, असा त्या प्राचीन खेळाचा हिशेब लावला जातो. छांदोग्य उपनिषदात रैक्व नावाच्या ज्ञानी पुरुषाची थोरवी सांगताना, कृत जिंकणाऱ्याकडे जशी खालची सारी दाने जातात तसे लोकांचे सर्व सत्कर्म रैक्वाकडे जाते, असा दृष्टांत दिलेला आहे. ज्या जुगाऱ्याचा विलाप ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 34 व्या सूक्तात आहे, त्याच्याच शब्दकोशाला हात घालताना उपनिषत्काराला संकोच वाटलेला नाही. संकोच राजसत्तेलाही नव्हता, कारण कौटिल्याचा द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेवर शेकडा 5 प्रमाणे सरकारी हिस्सा बिनबोभाट वसूल करीत असे.

हा विचार मला विशेषतः तिरुविडैमरुदूरच्या संबंधाने सुचतो. कुंभकोणमहून मायावरमकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील या गावाला आमची जुनी माणसे मध्यार्जुन म्हणत, आणि तंजावरच्या भोसल्यांच्या इतिहासात त्याला एक विषण्ण स्थान आहे. तुळजाराजे 1787 साली निवर्तले तेव्हा त्यांनी घेतलेले सरफोजींचे दत्तक सशास्त्र की अशास्त्र, असा वाद उपस्थित झाला. कंपनी सरकारने पंडितांचे अभिप्राय मागवले, ते सरफोजींच्या विरुद्ध पडले आणि तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर बसले. पुढे त्याच प्रश्नावर उलट अभिप्राय मिळाले, तेव्हा 1798 साली अमरसिंहांना पदच्युत करून सरफोजींना मसनदीवर बसविण्यात आले. पदच्युत राजाने आपला लहानसा दरबार मांडला तो या मध्यार्जुनात. तेव्हा शास्त्र बदलले नव्हते, पोथ्याही बदलल्या नव्हत्या. फासा तेवढा दुसऱ्या अंगावर पडला होता.

या मुलखात घरोघर खेळल्या जाणाऱ्या फाशांच्या खेळाचे नाव 'तायम्'. शब्द आपल्या ओळखीचा आहे, कारण तो संस्कृत 'दाय' होय, आणि तमिळमध्ये त्याचा अर्थ वडिलार्जित वाटा असाही होतो व फाशावरील एकाचे दान असाही होतो. अमरसिंहांच्या नशिबी दोन्ही अर्थ एकदमच आले, असे म्हणावेसे वाटते. खेळाचे फासे पितळेचे, बोटाएवढे लांबट आणि चौपैलू असतात. तीन अंगांवर अनुक्रमे एक, दोन व तीन ठिपके आणि चौथे अंग कोरे. दोन फासे तळहातांत घोळवून जमिनीवर सोडले म्हणजे पितळेचा किणकिणाट होतो आणि सगळ्यांच्या माना एकदम पुढे येतात. एका फाशावर एक ठिपका व दुसऱ्यावर कोरे अंग आले म्हणजे तायम्, आणि ते आल्यावाचून एकही सोंगटी पटावर चढत नाही. दोन्ही अंगे कोरी आली, तर मात्र त्या शून्याचे बारा मोजतात. प्रतिपक्षाची सोंगटी मारणे म्हणजे 'वेट्टु', अर्थात तोडणे. पण तोडलेली सोंगटी मरत नाही, ती आरंभस्थानी जाऊन पुन्हा तायमची वाट पाहते. इराणची नर्द आणि बॅकगॅमन यांतही मार खाल्लेल्या सोंगटीची हीच गत होते. फेरा पुरा करून घरी पोहोचलेली सोंगटी ती 'पळम्', म्हणजे पिकलेले फळ. उत्तरेकडचा खेळाडूही तिला पकलेलीच म्हणतो.

आता पाहा, वैदिक द्यूतकाराला जो एक शेष राहिला म्हणजे सर्वनाश वाटे, त्याच एकावाचून तमिळ घरातल्या मुलाची सोंगटी हलत नाही. दानाच्या अंगी स्वतःचे असे शुभत्व किंवा अशुभत्व नाही. ते पटाच्या नियमाने येते. आमच्या लांबट फाशांच्या सारीपाटातील 'पोबारा' घ्या: उत्तरेत 'पौ बारह' झाले की भाग्य उजळते, आणि मराठीत पोबारा केला की माणूस पळून गेलेला असतो, यातून लोकस्वभावाचा काही दाखला निघत असेल तर तो वाचकांनीच काढावा.

याहून कठीण प्रश्न मध्यार्जुनाच्या महालिंगस्वामींच्या देवळातील आख्यायिका उपस्थित करते. वरगुण पांड्य रात्री घोड्यावरून परतत असता अंधारात एक ब्राह्मण घोड्याच्या टापांखाली सापडून मेला. राजाने मारले नव्हते; तरी ब्रह्महत्या त्याच्या पाठीस लागली. राजा या देवळात पूर्वद्वाराने शिरला, तेव्हा ती दारातच थबकली. मग तो दुसऱ्या दाराने बाहेर पडला, आणि आजही भाविक आल्या दाराने परत फिरत नाहीत. जे आपण केले नाही, केवळ आपल्या हातून घडले, त्याचे पाप लागते काय? आधुनिक न्यायालय येथे हेतूचा पुरावा मागेल. आख्यायिका तो मागत नाही, आणि माझ्या मते ती अधिक खोल आहे. कारण खेळाडूंच्या बोलीत दान 'पडते' आणि चाल 'खेळतात'. पडलेले दान आपण मागितले नव्हते म्हणून ते दुसऱ्याचे ठरत नाही, ते आपल्याच नावावर मोजले जाते आणि पुढची चाल त्यावरूनच करावी लागते. वरगुणाने अंधाराला दोष दिला नाही, घोड्यालाही दिला नाही. तो दाराशी आला, एवढीच त्याची चाल. पाप नाहीसे झाले असे कथाही म्हणत नाही, ते पूर्वद्वारी उभेच आहे.

नलाची कथाही याच अंगाने वाचावी. त्याच्या देहात शिरलेला कलि हा त्या हलक्या दानाचाच अवतार. आणि ऋतुपर्ण राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, प्राप्त होताच तो बाहेर पडून बेहड्याच्या झाडात शिरला, ज्या झाडाच्या फळांचे फासे होत त्याच झाडात. शंकराचार्यांच्या चरित्रपरंपरेत याच मध्यार्जुनाच्या लिंगाने अद्वैत हेच सत्य असे तीन वेळा उद्घोषिले, असे सांगतात. तिथले ते 'एक' हेदेखील उरलेले एकच, पण त्याला कलि म्हणण्याचे धाडस कोणी केलेले नाही.

म्हणून लाच खाणारा कारकून, भावाचा वाटा दडपणारा वडील बंधू आणि दर कीर्तनात काळाच्या नावाने कपाळाला हात लावणारे बुवा हे तिघेही 'कलियुग आहे, चालायचेच' असे म्हणतात, तेव्हा त्यांना शब्दाचा मूळ अर्थ विचारावा. कलि हे दान होते. चाल त्यांची स्वतःची आहे.