मिक्सर धुतो कोण?

श्रमप्रतिष्ठेवर बोलणारे आपल्या अभ्यासवर्गात भरपूर भेटतात. श्रमाला प्रतिष्ठा द्या, म्हणतात. कुठल्या श्रमाला, असं विचारलं की गाडी अडते. मी इथं एकाच श्रमाचा प्रश्न घेतो. स्लॅब भरून झाला आहे. गवंडी हातपाय धुऊन बिडी ओढत बसलाय. मुकादम हजेरी लिहून मोकळा झालाय. मिक्सर तेवढा सिमेंटनं माखून उभा आहे. तो आता धुवायचा कुणी?

हसू नका दोस्तहो. हा प्रश्न मला वर्ग, वर्ण, क्रांती या सगळ्या शब्दांइतकाच अवघड वाटत आलाय, आणि त्याच्यात माणसांची बोटं जातात म्हणून जास्तच.

मी अकरा वर्षं मिक्सरवर काढली. आधी घमेली टाकणारा बिगारी होतो, मग ऑपरेटर झालो. ऑपरेटर म्हंजे फार मोठं काही नाही. जो हँडल मारतो तो ऑपरेटर. पण त्या एका हँडलमुळं हजेरी वाढते, मुकादम नावानं हाक मारतो, आणि संध्याकाळी मिक्सर धुवायला लागत नाही. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा.

ज्यांनी हे यंत्र लांबूनच पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चाकांवर ओढत नेता येतो असा हा मिक्सर, अर्ध्या पोत्याचा नाहीतर एका पोत्याचा. लोखंडी ड्रम, त्याच्या आत माल उचलून आपटणारी पाती. ड्रमच्या पोटाभोवती दातेरी रिंग, आणि तिला फिरवणारं छोटं दातेरी चाक, त्याला पिनियन म्हणतात. बाजूला डिझेलचं इंजिन, इंजिनावरून पट्टा. मोठ्या मिक्सरला पुढं हॉपर असतो. खडी, वाळू, सिमेंट त्यात टाकायचं, मग वायर रोप त्याला वर ओढतो आणि तो ड्रमच्या तोंडात रिकामा होतो. वर उचललेल्या हॉपरखाली सांडलेला माल ओढायला माणूस वाकला आणि वरचा ब्रेक सुटला, तर पुढचं मी सांगायला नको. म्हणून हॉपरला साखळी किंवा अडणा लावल्याबिगर खाली कुणी जायचं नसतं. वायर रोपचे तुटलेले तार हाताला टोचायला लागले की तो बदलायचा असतो. किती साइटवर बदलतात, ते तुम्हीच जाऊन बघा.

पण मी हॉपरपेक्षा पिनियनला भितो. पट्टा जोरात पळतो म्हणून माणूस आपोआप लांब राहतो. ड्रम सावकाश फिरतो, म्हणून त्याच्याजवळ कुणी भीत नाही. बाया घमेली घेऊन त्याच्या अंगाला घासून जातात. रिंगचा दाता आणि पिनियनचा दाता जिथं भेटतात तिथं पदराचं टोक गेलं की झालं. त्या जागेवर पत्र्याचं गार्ड असतं, चार बोल्टचं. दुरुस्तीला काढलं की परत बसत नाही. एक बोल्ट हरवतो, मग दुसरा. पुढं भाड्यानं येणारा मिक्सर गार्डाबिगरच येतो, आणि त्याला गार्ड होतं हेसुद्धा पोरांना माहीत नसतं.

अपघात झाला की साइटवर दोन शब्द ऐकू येतात. ठेकेदार म्हणतो, निष्काळजीपणा. आपलीच म्हातारी माणसं म्हणतात, नशीब. मला हे दोन्ही शब्द सख्खे भाऊ वाटतात. एक दोष मजुराच्या आजच्या डोक्यावर टाकतो, दुसरा त्याच्या मागच्या जन्मावर. बोल्टाचं नाव दोघंही घेत नाहीत. ज्या पूर्वजन्माच्या कर्माला बाबासाहेबांनी साफ नाकारलं, ते साइटवर असं पत्र्याच्या झाकणाच्या जागी येऊन बसतं.

आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही, त्यात पैसा आहे. १९२३ सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात एक कलम होतं, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आलं आहे. सुरक्षेसाठी बसवलेलं गार्ड मजुरानं जाणूनबुजून काढलं आणि त्यामुळं इजा झाली, तर मालकाची जबाबदारी सुटते. मृत्यू आला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मात्र सुटत नाही. दोन बोटं जाणं हे पूर्ण अपंगत्व नव्हे. म्हंजे दोन बोटं गेलेल्या माणसाची भरपाई 'गार्ड कुणी काढलं' या एका वाक्यावर अडू शकते. मग तो बिचारा साहेबापुढं उभा राहून 'मी काढलं नाही' म्हणत बसतो. त्यानं खरं विचारायला पाहिजे, की बसवलं कधी होतं? जे नव्हतंच ते मी काढलं कसं? म्हणून मी पोरांना सांगतो, मिक्सर साइटवर उतरला की पहिल्याच दिवशी गार्ड बघा, नसेल तर मुकादमाला चार माणसांदेखत सांगा. फोन असेल तर फोटो काढून ठेवा.

कायद्याचं निघालंच आहे तर अजून एक. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात लिहिलं होतं, की फिरत्या यंत्राचे धोक्याचे भाग बायांना आणि पोरांना साफ करायला लावायचे नाहीत. चांगलं होतं. पण बांधकामाची साइट म्हंजे फॅक्टरी नव्हे. बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा व्हायला १९९६ उजाडलं. मधली अठ्ठेचाळीस वर्षं आपल्या बाया काय करत होत्या? मिक्सर धूत होत्या.

आता मूळ प्रश्नाकडं येतो.

मिक्सर धुवावाच लागतो. सिमेंट थांबत नाही. रात्रभरात ते दगड होतं. पात्यांच्या मागं थर बसतो, दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा. मग पाती माल उचलत नाहीत, ड्रममध्ये माल कमी मावतो, दोन मिनिटं फिरवूनही खडी एकीकडं आणि सिमेंट एकीकडं राहतं. तसला स्लॅब पुढं कुणाच्या तरी डोक्यावर असतो.

पण धुण्याची खरी रीत काय आहे? शेवटचा माल बाहेर पडला की इंजिन बंद करायचं नाही. फिरत्या ड्रममध्ये लांबूनच दोन-तीन घमेली खडी आणि पाणी टाकायचं, पाच मिनिटं फिरू द्यायचं. खडी आतून घासते. ओतून टाकायचं, परत साधं पाणी. मग इंजिन बंद, आणि बाहेरून ब्रश. झालं. या सगळ्यात कुणाचा हात ड्रमच्या आत जात नाही. एकदाही नाही.

मग हात जातो कसा? डोकं, खांदे आत घालून छिन्नी-हातोड्यानं थर फोडणारा माणूस मी नेहमी का बघतो? कारण शेवटचा माल पडल्याबरोबर ऑपरेटरनं इंजिन बंद केलेलं असतं. त्याची वेळ संपली. डिझेल वाचलं. 'सकाळी बघू.' आणि सकाळी जो बघतो तो ऑपरेटर नसतो. तो बिगारी असतो. बाहेरून हातोडा मारून पत्रा वाकवतो, वाकलेल्या पत्र्यात उद्या अजून माल धरतो, मग अजून हातोडा. शेवटी आत शिरावं लागतं. तो आत असताना कुणीतरी नवा उत्साही पोऱ्या इंजिनाजवळ जातो.

म्हंजे बघा. हे घाणेरडं आणि जिवावरचं काम यंत्राबरोबर आलेलं नाही. ज्याच्या हातात हँडल होतं त्यानं पाच मिनिटं दिली नाहीत, म्हणून ते तयार झालं. आणि एकदा तयार झालं की ते करणारा माणूसही ठरतो. मग लोक म्हणतात, हे काम असलंच आहे आणि ही माणसं त्यासाठीच आहेत. गटाराचंही तेच. २०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं, तरी माणसं उतरतात आणि मरतात. काम घाण आहे म्हणून माणूस खालचा ठरला, असं आपल्याला शिकवलं गेलं. माणूस खालचा धरला होता म्हणून काम घाण ठेवलं गेलं, असं मला दिसतं.

इथं आपल्यातला एक तडफदार कार्यकर्ता मला म्हणाला, "मग आपण धुवायचंच नाही. १९२७ च्या महाडनंतर आपल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायची टाकली, तसं हे टाकायचं." टाळ्या पडल्या. माझ्या मनाला पटलं नाही.

ढोरं ओढणं जन्मानं लादलेलं होतं. ते टाकलं तेव्हा आपण ते दुसऱ्या कुणा दुबळ्याच्या अंगावर ढकललं नाही, ज्याचं ढोर त्याच्यापुढं ते तसंच ठेवलं. ड्रमचं तसं होत नाही. आज मी ऑपरेटर झालो आणि धुणं टाकलं, तर ते ठेकेदाराच्या अंगावर जात नाही. ते बिहारवरून कालच आलेल्या पोराकडं जातं. पारध्याच्या बाईकडं जातं. मग माझा स्वाभिमान तिच्या हातावर उभा. सिमेंटचं पाणी तिखट असतं, कातडी खातं, बोटांच्या बेचक्या फुटतात. काहींना त्याची अ‍ॅलर्जी बसते ती वर्षानुवर्षं जात नाही. रबरी हातमोजे मागितले तर ऐकायला मिळतं, तुमची कातडी जाड आहे. हे वाक्य मी सवर्ण ठेकेदाराकडून ऐकलंय आणि आपल्यातल्या ऑपरेटरकडूनही ऐकलंय. दुसऱ्यानं म्हटलं तेव्हा जास्त लागलं.

माझं म्हणणं असं. जो चालवतो त्यानंच धुवावं, आणि जो धुतो त्याला चालवता आलं पाहिजे. ड्रममध्ये हात घालायची पाळी आलीच, तर इंजिनचं हँडल काढून आत हात घालणाऱ्याच्या पायाशी ठेवायचं. विजेचा मिक्सर असेल तर पिन काढून वायर त्याच्या डोळ्यांसमोर टाकायची, स्विच बंद केला म्हणून भागत नाही. हा सुरक्षेचा नियम आहे, कुठल्याही चांगल्या मिस्त्रीला विचारा. पण मला तो त्याहून मोठा वाटतो. ज्याचा जीव धोक्यात आहे त्याच्याच हाती यंत्र सुरू करायची सत्ता. राज्याबद्दल, संघटनेबद्दल आपण एवढंच तर मागतोय.

यावर पुरुष लगेच म्हणतात, बायांना हँडल मारता येत नाही. ताकद लागते. खोटं आहे. इंजिनला दाब सोडायचा खटका असतो, तो उचलून धरला की हँडल हलकं फिरतं, वेग आला की खटका सोडायचा. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलभोवती वळवायचा नाही, नाहीतर इंजिन उलटं मारलं की मनगट मोडतं. हे सारं ज्ञान आहे, दंड नव्हे. एका साइटवर चाळिशीची एक बाई दोन दिवसांत शिकली. तिसऱ्या दिवशी मुकादमानं तिला परत घमेल्यावर लावलं. कारण विचारलं तर म्हणाला, बाईमाणूस इंजिनजवळ बरं दिसत नाही. ड्रमच्या आत बरं दिसतं.

आता पैशाचं. धुण्याचा अर्धा तास हजेरीत धरत नाहीत. हजेरी लिहून झाल्यावर धुणं चालू होतं. याला आपल्याकडं जुना शब्द आहे, वेठ. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं, तेव्हा भांडण याच गोष्टीचं होतं. कामाला वेळ ठरलेली नाही, मोबदल्याला ठावठिकाणा नाही. महार वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. अर्धा तास राहिला.

ऑपरेटरनं धुवायचं म्हटलं तर ठेकेदार दुसरा ऑपरेटर आणेल, असं मला सांगतात. आणेलही. एकटा ऑपरेटर हे बोलला तर नक्कीच आणेल. बिगारी आणि ऑपरेटर मिळून बोलले तर त्याला दोन्ही बदलावे लागतील, आणि स्लॅबच्या दिवशी ते सोपं नसतं. अर्धा भरलेला स्लॅब ठेकेदाराला सिमेंटइतकाच घाईत टाकतो. मी धमकी द्या म्हणत नाही. वेळ ओळखा म्हणतो.

सध्या आम्ही मागणी अशी ठेवली आहे, की शेवटचा माल पाचला पडावा, साडेपाचपर्यंत खडी-पाण्यानं धुणं, ग्रीस, पट्ट्याचा ताण आणि गार्डाचे बोल्ट बघणं, आणि त्यानंतर हजेरी. ऑपरेटर आणि दोन बिगारी पाळीनं, त्यात एक बाई. गार्ड आठवड्याभरात आलं, तीन बोल्टावर का होईना. हातमोज्यांचा एक जोड आलाय, तिघांत. अर्ध्या तासाला मुकादम अजून हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. पुढच्या स्लॅबची तारीख ठरली की परत बसायचं ठरलंय.