निरोपाची तरतूद

सहसंस्थापक उद्या जाईल याची तरतूद आजच करणे हा अविश्वास आहे का? मला ती अनासक्तीच वाटते. १९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी उभारलेल्या ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीतून १९४२ साली भागीदार-दिग्दर्शक व्ही. शांताराम बाहेर पडले, १९४५ साली दुसरे भागीदार विष्णुपंत दामले वारले, पुढच्या दशकात कंपनी मिटली. कारणे अनेक होती, पण कर्तृत्व मोजक्या माणसांतच साठले होते. उलट, सोमेश्वरनगरच्या सहकारी साखर कारखान्यात सभासद गेला तर भाग वारसाकडे जातो, संचालक निवडणुकीने बदलतात, गाळप चालू राहते. अशा नियमांनी जिव्हाळा आटतो, असा आक्षेप येईल. पण गीतेतला कर्मयोग काम जीव ओतून करायला सांगतो आणि ममत्व सोडायलाही. म्हणून हिस्सा, सही, ग्राहकांची माहिती कोणाकडे जाईल हे स्नेह ताजा असतानाच लिहावे, आणि जाणाऱ्याने आपले काम दुसऱ्याला शिकवायला तेव्हाच सुरुवात करावी.